पिल्लाला नाचवू नका!

बालमित्रांनो, आज एक प्रश्न विचारते. सोपा वाटेल, पण फसवा आहे हं! कुत्र्याला गुडघे किती असतात?

'चार!' म्हणालात ना? आमच्या चौथीच्या वर्गातही सगळे हात 'चार' म्हणूनच वर गेले. पण बरोबर उत्तर आहे दोन. ते दोन्ही मागच्या पायांना असतात. मग पुढच्या पायांत मध्येच वाकतो तो सांधा कोणता? तो गुडघा नाही, ते कुत्र्याचं मनगट!

विश्वास बसत नाही? मग चला, आधी स्वतःचाच हात तपासू या.

आपला हात, त्याचा पाय

शेजारी बसलेल्या भावाला किंवा मैत्रिणीला पाठ करून उभं राहायला सांगा. तिच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली हात ठेवा. एक चपटं, तिकोनी हाड हाताला लागेल. त्याला खवाटा म्हणतात. आता तिला हात मागे-पुढे हलवायला सांगा. कातडीखाली खवाटा कसा सरकतो, कळलं? खवाट्याला जोडलेलं असतं दंडाचं एक हाड. मग येतं कोपर. कोपराच्या पुढे शेजारी शेजारी दोन हाडं. मग मनगट, तळहात आणि बोटं.

कुत्र्याच्या पुढच्या पायातही हाडं अगदी याच क्रमानं असतात. फरक इतकाच, की त्याचा खवाटा आणि दंड छातीच्या बाजूला चिकटून असतात आणि केसांत झाकले जातात. त्याचं कोपर छातीच्या तळाशी येतं. तिथून खाली जो सरळ खांब दिसतो, तो कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग. मनगटाखाली तळहात जवळजवळ उभा असतो आणि जमिनीला टेकतात ती फक्त बोटं. म्हणजे कुत्रा जन्मभर बोटांवरच चालतो! तुम्ही घरात दहा पावलं तसं चालून बघा, म्हणजे त्याचं कौतुक वाटेल.

एक हाड कमी

आता बोटं गळ्याच्या खाली, शर्टाच्या कॉलरजवळ न्या. दोन्ही बाजूंना एकेक आडवं हाड लागतं ना? हे कॉलरबोन. मराठी पुस्तकांत त्याला जत्रुक म्हणतात. आपला हात हाडानं धडाला जोडला जातो तो फक्त या एका हाडामुळे. एक टोक छातीच्या मधल्या हाडाला, दुसरं खवाट्याला.

कुत्र्याकडे हे हाड नाही. नावापुरता एक बारीक अवशेष स्नायूंमध्ये राहिलेला असतो, पण तो काही जोडत नाही. म्हणजे कुत्र्याचा पुढचा पाय धडाला एकाही हाडानं जोडलेला नसतो! मागचा पाय कमरेच्या हाडातल्या खोबणीत नीट बसवलेला असतो. पुढचा मात्र फक्त स्नायूंनी बांधलेला असतो.

असं का बरं? जरा आठवून बघा. माकड फांदीला लोंबकळतं, खार झाडावर सरसर चढते, आपण चेंडू फेकतो, भाकरी थापतो. हात बाजूला, वर, सगळीकडे न्यायचा असेल तर खांदा बाहेरच्या बाजूला धरून ठेवणारं हाड हवं. म्हणून माकडाला, खारीला आणि आपल्याला कॉलरबोन आहे. पण बैल, घोडा, शेळी, हरीण यांना पाय पुढे-मागेच हलवायचा असतो. धावताना खवाटा मोकळा सरकला, तर पाऊल लांब पडतं. त्यांना कॉलरबोन नाही. कुत्राही या धावणाऱ्यांच्याच पंगतीतला.

मग कुत्र्याचं धड पुढच्या पायांवर उभं कसं राहतं? शेतात काम करणाऱ्या आयांनी झाडाला बांधलेली झोळी पाहिली आहे ना? दोन बाजूंना आधार, मध्ये कापड आणि कापडात बाळ. तसे दोन बाजूंना दोन खवाटे, त्यांच्यापासून बरगड्यांपर्यंत गेलेले मजबूत स्नायू म्हणजे झोळीचं कापड आणि कुत्र्याची छाती म्हणजे त्यातलं बाळ. या झोळीवर भार किती? उभ्या कुत्र्याच्या वजनाचे दहा भाग केले, तर साधारण सहा भाग पुढच्या पायांवर आणि चार मागच्या पायांवर असतात. डोकं, मान, छाती सगळं पुढेच ना! आणि उंचावरून खाली उडी मारली, की आधी टेकतात तेही पुढचेच पाय.

खेळण्याएवढी कुत्री

हे सगळं मोठ्या कुत्र्यालाही लागू आहे आणि लहानालाही. पण आज मला सांगायचंय ते अगदी छोट्या कुत्र्यांबद्दल. इंग्रजीत त्यांच्या गटालाच 'टॉय' म्हणजे 'खेळणं' असं नाव आहे. चिवावा, पॉमेरेनियन, पग, पेकिनीज, टॉय पूडल, मिनिएचर पिन्शर, इटालियन ग्रेहाउंड ही सगळी याच गटातली मंडळी. चिवावा मूळचा मेक्सिकोतला. त्याचं वजन सहा पौंडांच्या, म्हणजे सुमारे पावणेतीन किलोंच्या आत असावं असा नियम आहे. तुमचं दप्तरसुद्धा याहून जड असेल!

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "बाई, आमच्याकडे पॉमेरियन आहे!" तो पांढराशुभ्र, टोकदार नाकाचा आणि पाठीवर शेपूट वळवलेला असेल, तर बहुधा तो पॉमेरेनियन नसून इंडियन स्पिट्झ आहे. १९९४ साली आलेल्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातला टफी असाच इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन त्याच्याहून बराच लहान, साधारण दीड ते तीन किलोंचा. पग मात्र तुम्हाला नक्की ओळखता येईल. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो एका मुलाच्या मागे मागे फिरायचा, तेव्हापासून तो आपल्याकडे घरोघरी माहीत झाला.

एवढ्याशा कुत्र्याचा पुढचा पाय कसा असावा? इंग्लंड-अमेरिकेत श्वानप्रदर्शनं भरतात. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि 'क्रफ्ट्स' हे प्रसिद्ध प्रदर्शन तिथे १८९१ साली सुरू झालं. अशा प्रदर्शनात छोट्या कुत्र्याला टेबलावर उभं करतात. परीक्षक बोटांनी चाचपत खवाट्याचा तिरपेपणा बघतात, दंडाचं हाड किती लांब आहे ते बघतात, कोपरं छातीजवळ आहेत की बाहेर फाकली आहेत ते पाहतात. मग त्याला खाली सोडून चालवतात. कारण दाट केसांत लपलेली चूक चालीत उघडी पडते!

पुठ्ठ्याचा पाय

खवाट्याचा तिरपेपणा इतका महत्त्वाचा का? हे समजायला एक छोटा प्रयोग करू या. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या, बोटाएवढ्या तीन पट्ट्या कापा. पहिली खवाट्याची, दुसरी दंडाची, तिसरी कोपराखालची. टोकांना भोकं पाडून, त्यांतून दोरा ओवून एकीला दुसरी जोडा. गाठी जरा घट्टच मारा.

आता पट्ट्या टेबलावर आडव्या ठेवा. पहिली पट्टी वरून खाली येताना पुढे तिरपी करा. दुसरी तिथून मागे तिरपी. तिसरी सरळ खाली. वीज चमकते तशी नागमोडी आकृती दिसेल. वरचं टोक बोटानं हलकेच खाली दाबा. पट्ट्या सांध्यांत दुमडतात आणि धक्का त्यातच जिरतो. आता तिन्ही पट्ट्या एका सरळ रेषेत ठेवून दाबा. दुमडणं नाहीच. तुमचा धक्का थेट दुसऱ्या टोकाला पोचतो.

कुत्र्याचंही तसंच आहे. खवाटा आणि दंड यांच्यात चांगला कोन असेल, तर पाय स्प्रिंगसारखा वागतो. पाऊल लांब पडतं, धक्का जिरतो आणि कोपर नेमकं छातीच्या खाली येतं. खांदा फार उभा असेल, तर पाऊल आखूड पडतं. कुत्रा टुकटुक, टुकटुक असा चालतो आणि प्रत्येक पावलाचा हादरा वर जातो. छाती फार अरुंद असेल, तर पुढचे दोन्ही पाय एकमेकांच्या फार जवळ येतात आणि पुष्कळदा पंजे बाहेर वळतात, एक पूर्वेकडे तर दुसरा पश्चिमेकडे!

पण सगळ्यांची चाल एकसारखी नसते बरं का. मिनिएचर पिन्शर हा जर्मनीतला छोटासा ऐटबाज कुत्रा. तो चालताना पुढचा पाय उंच उचलतो आणि मनगटात छान वाकवतो. इंग्लंडमधले हॅकनी जातीचे गाडीचे घोडे असेच चालत, म्हणून त्या चालीला हॅकनी चाल म्हणतात. पेकिनीजची तऱ्हा वेगळी. तो चीनच्या राजवाड्यात वाढलेला कुत्रा. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच सैन्यानं पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा हे कुत्रे इंग्लंडला गेले. त्यातला एक व्हिक्टोरिया राणीला भेट मिळाला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'लूटी'! लूट हा आपल्याकडूनच इंग्रजीत गेलेला शब्द. या पेकिनीजचे पुढचे पाय आखूड, जाड आणि किंचित कमानदार असतात. त्यामुळे तो डुलत डुलत चालतो. पाय आखूड का? २००९ साली शास्त्रज्ञांना याचं कारण सापडलं. एफजीएफ-४ नावाच्या एका जनुकाची जादा प्रत या कुत्र्यांत आहे. तिच्यामुळे पायांच्या हाडांची वाढ लवकर थांबते. डॅक्सहुंडचे आखूड पायही तिच्यामुळेच.

डोळ्यांनी दिसलं ते खरं का?

इथे एक गंमत सांगते. वर्षानुवर्षं जाणकार म्हणत आले, की उत्तम कुत्र्याचा खवाटा ४५ अंशांत तिरपा असतो. पुस्तकांत तसं छापलं गेलं, पुढच्या पिढीनं ते पाठ केलं. मग रेचल पेज इलियट नावाच्या अमेरिकन बाईंनी कुत्र्यांच्या चालीचा ध्यासच घेतला. त्यांचं 'डॉगस्टेप्स' हे पुस्तक १९७३ साली निघालं. पुढे त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात चालत्या कुत्र्यांच्या क्ष-किरण फिल्म पाहिल्या. ४५ अंशांचा खवाटा काही सापडेना! खवाटा त्याहून बराच उभा निघाला.

जर्मनीतल्या येना शहरातल्या विद्यापीठात प्राध्यापक मार्टिन फिशर आणि त्यांच्या सहकारी कारिन लिल्ये यांनी तर ३२ जातींची ३२७ कुत्री चालवून त्यांचं चित्रण केलं. त्यावरचं पुस्तक २०११ साली आलं. त्यांना दिसलं, की पुढचा पाय जिथून झुलतो ती जागा खांद्याच्या सांध्यात नाही, तर खवाट्याच्या वरच्या कडेपाशी आहे. म्हणजे पाऊल टाकताना अख्खा खवाटाच झोका घेतो. कॉलरबोन नसल्याचा हा फायदा! पुस्तकात छापलेलंही तपासून बघावं लागतं, ही गोष्ट त्यातून आपल्यालाही शिकण्यासारखी.

नाचवायचं का नाही?

आता मुद्द्यावर येते. पिल्लाचे पुढचे दोन पाय धरून त्याला मागच्या पायांवर उभं करायचं आणि 'नाच रे' म्हणत फिरवायचं, हा खेळ तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? किंवा दोन पाय धरून त्याला पिशवीसारखं वर उचललंय? वर्गात हे विचारलं, तेव्हा पुन्हा बरेच हात वर गेले.

आता तुम्हाला त्यामागचं गणित कळतंय. तुम्ही पाय ओढता, तेव्हा ओढ धरायला तिथे हाड नाही. सगळा ताण त्या झोळीच्या स्नायूंवर आणि खांद्याच्या सांध्यावर येतो. पाय बाजूला फाकले, तर आणखीच. शिवाय टॉय पूडलसारख्या काही छोट्या जातींत खांद्याचा सांधा जन्मतःच सैल असू शकतो. तुम्ही हसत असता आणि पिल्लू कळवळत असतं. त्याला बोलता येत नाही, म्हणून ते हात चाटतं किंवा कुईंकुईं करतं. आपण समजतो, मजा येतेय त्याला!

दुसरा धोका उंचीचा. छोट्या कुत्र्यांच्या कोपराखालची हाडं किती जाड असतात? तुमच्या पेन्सिलीएवढी, काहींची त्याहूनही बारीक. इटालियन ग्रेहाउंडचे पाय तर काड्यांसारखे दिसतात. मनगटाजवळ या हाडांवर मांस जवळजवळ नसतंच आणि रक्तवाहिन्याही कमी असतात. म्हणून हाड मोडतं ते बहुधा तिथेच आणि ते जुळायलाही वेळ लागतो. नुसत्या प्लास्टरनं पुष्कळदा भागत नाही. पट्टी आणि स्क्रू बसवून शस्त्रक्रिया करावी लागते.

सोफा ४५ सेंटिमीटर उंच धरा आणि कुत्रा २० सेंटिमीटर. म्हणजे ती उडी त्याच्या उंचीच्या सव्वादोनपट झाली. तुमच्या हातांतून, एक मीटरवरून पडला, तर पाचपट! मुंगी माडीवरून पडली तरी तिला काही होत नाही, हे तुम्ही वाचलं असेल. पण पिल्लू म्हणजे मुंगी नव्हे.

आमच्या शाळेतल्या सहावीतल्या एका मुलीच्या घरी असंच झालं. तिचा धाकटा भाऊ पॉमेरेनियन पिल्लाला कडेवर घेऊन गॅलरीत उभा होता. खाली दुसरं कुत्रं भुंकलं आणि पिल्लानं हातातून उसळी मारली. फरशीवर पडलं, पुढचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक आठवडे पिल्लाला पिंजऱ्यात ठेवावं लागलं. घरचे कुणी भावाला रागावले नाहीत. पण तो रोज शाळेतून आल्यावर पिंजऱ्याजवळ बसून गृहपाठ करायचा, असं ती सांगत होती. पिल्लू आता बरं आहे. मात्र भाऊ अजूनही त्याला उभ्यानं उचलत नाही.

मग उचलायचं कसं?

सोपं आहे. आधी स्वतः खाली बसा, मांडी घाला. एक हात पिल्लाच्या छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे ठेवा. दुसरा हात त्याच्या बुडाखाली. दोन्ही हातांनी एकदम उचला आणि छातीशी धरा. खाली ठेवताना चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत हात सोडू नका. लहान भावंडांनी पिल्लू फक्त मांडीवर घ्यावं. उभ्यानं उचलून फिरायचं काम मोठ्यांचं.

गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय बाजूला घसरतात. ते खेळतं तिथे जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. सोफ्यापाशी एक बुटका पाट किंवा उशी ठेवली, तर एका मोठ्या उडीच्या दोन लहान उड्या होतात.

आई-बाबांसाठी थोडंसं

घरी छोटं कुत्रं आणायचा बेत असेल, तर नुसता चेहरा पाहून भुलू नका. पिल्लाला जमिनीवर सोडून चालायला लावा. समोरून पाहा. पुढचे पाय खाली सरळ आणि एकमेकांना समांतर येतात का? कोपरं छातीजवळ आहेत का? चालताना ते एखादा पाय उचलून लंगडतं का? पेकिनीजसारख्या जातीत थोडी कमान असते, ती वेगळी. शक्य असेल तर पिल्लाच्या आईलाही चालताना पाहा. 'टीकप' म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीला विकली जाणारी अशी कोणतीही वेगळी जात मोठे केनेल क्लब मानत नाहीत. जितकं चिमुकलं, तितकी हाडं नाजूक, हे लक्षात असू द्या.

वर्षाच्या आतल्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा भाग असतो. त्याला मार बसला, तर कोपराखालच्या दोन हाडांपैकी एकाची वाढ थांबते, दुसरं वाढत राहतं आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. म्हणून पिल्लू पडून लंगडायला लागलं, तर 'होईल बरं आपोआप' म्हणून थांबू नका. पाय चोळू नका, ओढून बघू नका. आपल्या घरातल्या पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. कुत्र्यांना त्या विषासारख्या ठरू शकतात. त्याला खोक्यात मऊ कापडावर ठेवून थेट पशुवैद्यांकडे न्या.

या आठवड्याचा अभ्यास

मुलांनो, घरी कुत्रं नसलं तरी गल्लीत असेलच. लांबूनच, त्याला न छेडता, त्याची चाल बघा. पुढच्या पायाचं कोपर कुठे आहे? मनगट कुठे वाकतं? चालताना पाठीजवळ खवाट्याचं वरचं टोक हलताना दिसतं का? वहीत त्याचं बाजूनं चित्र काढा आणि कोपर, मनगट, बोटं यांची नावं लिहा. मग गल्लीतलं मांजर आणि कुणाची शेळी दिसली, तर तीही तशीच बघा. तिघांच्या पायांत काय सारखं आहे आणि काय वेगळं, ते मला पत्रानं कळवा.

आणि कुणी पिल्लाला पुढचे पाय धरून नाचवताना दिसलं, तर भांडू नका. त्याला फक्त आपल्या गळ्याखालच्या त्या आडव्या हाडावर बोट ठेवायला सांगा आणि म्हणा, "हे त्याच्याकडे नाही."

पुढच्या आठवड्यात पाहू या, उंचावरून पडलेलं मांजर चार पायांवर कसं उतरतं ते. तोवर तुम्ही विचार करून ठेवा!